चाकू पावसानं गंजत नाही, आपल्या आळसानं गंजतो



परवा झड लागली होती. रानात जायची सोय नव्हती, म्हणून आम्ही सातआठ जण मारुतीच्या पारावर बसलो होतो. कुणीतरी रानातून वाळकं आणली होती. कापायला चाकू काढा म्हणलं तर सहा जणांनी खिशात हात घातला. सहा चाकू निघाले. त्यातले उघडले किती? दोन. दोघांनी दातानं ओढून बघितलं, एकानं दगडावर आपटला, एकाचं नख मोडलं. आणि जे दोन उघडले त्यातल्या एकाचं पातं असं तांबडं की त्यानं कापलेलं वाळूक लेकराला द्यायला मन होईना. शेवटी वाळकं हातानं मोडून खाल्ली.

वर सगळे हसले आणि एक जण म्हणाला, "पावसाळा हाय बापू, लोखंड हाय, गंजणारच की."

या एका वाक्यासाठी आजची ही नोंद लिहायला बसलोय. कारण हे वाक्य मी स्वतः तीस वर्षं म्हणलेलं आहे आणि ते साफ खोटं आहे.

हसण्यावारी नेऊ नका. शेतकऱ्याच्या खिशातला चाकू वाळूक कापायला नसतो. तो कशासाठी असतो हे मला २०२५ च्या ऑगस्टमध्ये कळलं. ती झड तुम्हा सगळ्यांच्या ध्यानात असेल. मुखेड तालुक्यात गावात पाणी शिरलं, माणसं गेली, जनावरं तर मोजता आली नाहीत. आमच्या लोहा तालुक्यात तेवढं झालं नाही, पण पाऊस हटत नव्हता. अशा एका पहाटे आखाड्यावर गेलो तर कालवड दाव्यात अडकलेली. रात्री चिखलात पाय घसरला असेल, दावं गव्हाणीच्या खुंट्याला आणि तिच्या गळ्याला असं पिळा मारून बसलं होतं की डोळे बाहेर आलेले. दावं नायलॉनचं. भिजलेलं आणि ताणलेलं. तिचं सगळं वजन त्यावर, गाठ काही सुटेना. खिशातला चाकू काढला. पातं उघडेना. नखानं ओढलं, दातानं ओढलं, खुंट्याला लावून ओढलं. हललं सुद्धा नाही. मग विळा शोधायला आत पळालो. अंधारात तो कुठं खोचलाय ते सापडेना. सापडला, आलो, कापलं. तोवर ती गेली होती.

दोन मिनिटांचा खेळ. सव्वा वर्षाची कालवड होती, घरच्या गाईची.

घरी येऊन मीच सांगितलं, पावसानं गेली. बायको काही बोलली नाही. तिनं माझा चाकू घेतला, दिव्याजवळ धरून बघितला आणि म्हणाली, "ह्यो कवा पुसला होता?"

मला आठवेना. आठवलं ते एवढंच की तीन दिवस आधी हळदीला खत टाकायचं म्हणून त्याच चाकूनं पोटॅशचं पोतं उसवलं होतं, मग पावसातच सुतळी कापली आणि ओला चाकू मिटून ओल्या खिशात टाकला. पुढचे तीन दिवस तो उघडला नाही. म्हणजे पावसानं नाही, मी मारली.

त्या दिवसापासून मी या गोष्टीचा विचार करतोय आणि ज्याला त्याला सांगतोय. आता तुम्हाला सांगतो.

पहिला मुद्दा. "दमट हवेत लोखंड गंजणारच" असं म्हणणाऱ्यानं आपल्याच घरात जाऊन विळी बघावी. आमच्या घरातली विळी माझ्या आईच्या हातची आहे, लोखंडाची, स्टीलची नाही. ती रोज दोन वेळा ओली होते. तिच्यावर कांदा कापतात, टमाटा कापतात, लिंबू कापतात, कैरी कापतात. लिंबाइतकं आणि कैरीइतकं लोखंडाला वाईट दुसरं काय आहे? पावसाळ्यात ते स्वयंपाकघर रानापेक्षा जास्त दमट असतं, चुलीवर भाताची वाफ, भिंतीला ओल. तरी त्या विळीच्या धारेला तांबडा ठिपका नाही. पातं काळंनिळं झालंय, पण गंज नाही. कारण काय? कापून झालं की धुतली, पदरानं पुसली, उभी केली. बस्स. तसाच भाकरीचा तवा. तोही लोखंडाचाच. रोज तापतो, रोज पाण्याचा हात लागतो. तवा गंजलेला पाहिलाय का कुणी? पाहिला असेल तर फक्त गावाला गेलेल्या घरातला.

तिसरं उदाहरण गावातल्या न्हाव्याचं. पूर्वीचा वस्तरा आठवा. दिवसभर साबणाचं पाणी, वीस दाढ्या. पण तो वस्तरा गंजला तर त्याचं पोट बुडतं, म्हणून तो पुसून, तेलाचं बोट फिरवूनच मिटायचा.

तेच लोखंड, तोच पाऊस, तेच गाव. विळी गंजत नाही, वस्तरा गंजत नाही, आणि कारभाऱ्याचा चाकू तेवढा गंजतो. मग दोष हवेचा कसा?

दुसरा मुद्दा आपल्या भागाचा. कोकणातल्या माणसाला कोयता जपायचं कुणी शिकवावं लागत नाही. तिकडं वर्षाचे बहुतेक महिने हवेत पाणी असतं, दुर्लक्ष केलं की हत्यार गेलंच. आपलं उलट आहे. आपण नांदेड-लातूरची माणसं दुष्काळात वाढलेली. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं, ते काय लांबचं नाही. ज्या मुलखात सात-आठ महिने हवा कोरडी असते, तिथं विळा झाडाच्या फांदीला अडकवून ठेवला तरी उन्हाळाभर काही होत नाही. लोखंड आपोआप टिकतं अशी आपली समजूत झाली. मग मृग लागला की तीच सवय पुढं चालू. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत आपली हवा कोकणासारखी होते आणि आपण मात्र वागतो एप्रिलसारखं. सोयाबीन काढणीच्या वेळी ओलं रान, ओले शेंगांचे ढीग, ओली ताडपत्री, आणि खिशात महिनाभर न उघडलेला चाकू.

आता गंज चढतो कसा ते समजून घेऊ. मी दहावी पास माणूस, पण एवढं कळायला दहावी पुरते. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू हे तीन एकत्र आले की गंज होतो. तिघांतला एक जरी काढून घेतला तरी काम थांबतं. लोखंड काढता येत नाही, हवा काढता येत नाही. राहिलं पाणी. आणि त्यासाठी पातं पाण्यात बुडालेलं असायला पाहिजे असं नाही. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर डोळ्याला न दिसणारा पाण्याचा पापुद्रा बसतो. झडीच्या दिवसात तर ती नव्वदीच्या घरात असते.

त्या पापुद्र्यात मीठ मिसळलं की मग बघायलाच नको. आणि मीठ आपल्याजवळ भरपूर असतं. घाम म्हणजे मीठच. दिवसभर कोळपं धरल्यावर पँटीचा खिसा वाळला की पांढरी रेघ दिसते, तिथंच आपला चाकू असतो. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे मिठाचाच भाऊ, खायच्या मिठात जो क्लोराइड आहे तोच त्यात आहे. युरिया हवेतलं पाणी ओढून घेतो, पोतं उघडं राहिलं की कसं पाणी सुटतं ते आपण बघतोच. आता सांगा, खताचं पोतं कशानं फाडता? त्याच चाकूनं. मग पुसता कशाला? पँटीला. मग ठेवता कुठं? त्याच खिशात. म्हणजे घाम, खत आणि ओल हे तिन्ही एका पुडीत बांधून त्यात चाकू ठेवायचा आणि वर म्हणायचं पावसाळाय, गंजणारच.

गंजाचा आणखी एक गुण वाईट. तो लोखंडाला चिकटून बसत नाही, फुगतो आणि सुटतो. भुसभुशीत असतो, म्हणून पाणी धरून ठेवतो आणि खाली नवा गंज तयार होतो. घडीच्या चाकूत तर जागाच नसते. पातं ज्या खिळ्यावर फिरतं तिथं कागदाएवढी फट. तिथं गंज फुगला की पातं जाम. पात्यावर काहीच दिसत नाही, वरून चाकू चांगला, आतून मेलेला. माझा तसाच होता.

पण सगळा रंग गंजाचा नसतो हेही सांगतो. कच्ची केळी, कैरी, कांदा कापून कापून पातं काळंनिळं होतं. ते वाईट नाही. तो पातळ थर लोखंडाला घट्ट धरून असतो आणि थोडंफार राखतो. काही जण तो थर घाण समजून विटेनं घासून पांढराशुभ्र करतात आणि दुसऱ्या दिवशी तिथंच तांबडं उगवतं. काळं राहू द्या. तांबडं दिसलं की काढा.

आता दुकानदाराकडं येऊ. मोंढ्यात चाकू मागितला की तो स्टेनलेसचा काढतो. "न्या मामा, जन्मात गंजणार नाही." असं कोणतंही लोखंड नाही. स्टेनलेस म्हणजे लोखंडात निदान साडेदहा टक्के क्रोमियम घातलेलं. त्या क्रोमियमचा एक बारीक थर वर तयार होतो आणि तो आतल्या लोखंडाला झाकतो. १९१३ साली इंग्लंडातल्या शेफील्ड गावात हॅरी ब्रेअर्ली नावाच्या माणसानं असं पोलाद केलं, ती मोठी गोष्ट झाली, मी तिला नावं ठेवत नाही. पण मिठानं, खतानं, क्लोरीनच्या पाण्यानं त्यावरही टाचणीएवढे खड्डे पडतात. आणि स्टेनलेसचं पातं असलं तरी कित्येक स्वस्त चाकूंचा आतला खिळा आणि स्प्रिंग साध्या लोखंडाची असते. पातं चमकत राहतं आणि चाकू उघडत नाही. शिवाय स्वस्त स्टेनलेस धार धरत नाही आणि साध्या दगडावर लवकर लागत पण नाही. साधं पोलाद माळेगावच्या जत्रेत घिसाड्याच्या पालावर घ्या, त्याचं पाणी बरोबर बसलेलं असेल तर नदीच्या दगडावर चार हात मारले की दाढी होईल अशी धार येते. त्याची अट एकच, पुसा. ज्याला पुसायचं नाही त्यानं स्टेनलेस घेतलं तरी तो पुढच्या वर्षी दुकानात दिसणार आहे.

पारावर एकानं मला दिल्लीच्या लोखंडी खांबाचा दाखला दिला. सोळाशे वर्षं उन्हापावसात उभा आहे, गंजला नाही, मग आपलंच लोखंड कसं खराब? अहो, त्या खांबाच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे. त्यामुळं त्यावर एक राखणारा थर तयार झाला, हे कानपूरच्या आयआयटीतल्या बालसुब्रमण्यम सरांनी अभ्यास करून मांडलंय. वर दिल्लीची हवा वर्षातला बराच काळ कोरडी. आणि तो खांब कुणी घामाच्या खिशात ठेवत नाही. त्याच्या जिवावर आपला चाकू टिकणार नाही.

मग तेलाचा प्रश्न. आपल्याकडं तेल म्हणलं की दोन गोष्टी हाताशी, ट्रॅक्टरचं जळालेलं ऑइल आणि घरातलं करडीचं तेल. दोन्ही चुकीची.

जळालेल्या ऑइलमध्ये काजळी असते, धातूचा चुरा असतो, इंजिनातलं आम्ल असतं, कधी पाणी पण असतं. ज्याच्यातलं चांगलं संपलं म्हणून आपण इंजिनातून काढून टाकलं, ते चाकूला कामून लावायचं? त्याच चाकूनं आपण लेकराला पेरू कापून देतो. नांगराच्या फाळाला उन्हाळ्यात फासून ठेवायचं असेल तर ठेवा, खिशात त्याचं काम नाही.

करडीचं तेल खायला उत्तम, पण ते हवेत सुकतं आणि चिकट होतं. जवसाचं तर त्याहून जास्त. लाकडी मुठीला जवसाचं तेल जिरवा, मूठ वर्षानुवर्षं फुटत नाही. पण खिळ्यात ही तेलं घातली की महिन्याभरात डिंक तयार होतो, त्यात धूळ बसते आणि चाकू पुन्हा जाम. खिळ्यात शिलाई मशीनचं तेल घाला, एक थेंब. ते सुकत नाही, चिकटत नाही, छोटी बाटली दोन-तीन वर्षं पुरते. पात्याला खोबरेल लावा, कारण पातं खायच्या वस्तूला लागतं. आमचे आजोबा पातं धोतराच्या सोग्यानं पुसून डोक्याच्या तेलकट केसांवरून उलटं फिरवायचे. मला वाटायचं ही म्हाताऱ्याची खोड आहे. ती खोड नव्हती, ती त्यांची रोजची देखभाल होती. तेव्हा डोक्याला तेल असायचं, आता ते पण नाही.

आता कृषी सहायक आणि तज्ज्ञ मंडळी हे पान वाचतात, त्यांच्याशी थोडं बोलतो. राग मानू नका. साहेब, तुम्ही प्रशिक्षणात सांगता की छाटणी करताना दर झाडानंतर कात्री-चाकू सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवा, म्हणजे डाळिंबाचा तेल्या एका झाडावरून दुसऱ्यावर जाणार नाही. बरोबर आहे, शंभर टक्के बरोबर. पण ते पाणी लोखंड खातं, हे का सांगत नाही? शेतकरी दिवसभर बुडवतो, संध्याकाळी तशीच कात्री टोपल्यात टाकतो, सकाळी ती तांबडी. दोन-तीनदा असं झालं की तो बुडवायचंच सोडून देतो. म्हणजे तुमचा चांगला सल्ला गंजानं मारला. सल्ला पूर्ण द्या. काम संपलं की साध्या पाण्यानं धुवा, कोरडं पुसा, तेल लावा. चार शब्द जास्तीचे लागतात. कमी झाडं असतील तर स्पिरिटचा बोळा फिरवा म्हणून सांगा, ते उडून जातं, लोखंडाला इतकं लागत नाही.

आणि हेही सांगा की गंजलेलं पातं नुसतं दिसायला वाईट नसतं. त्याच्या खड्ड्यात रोगट झाडाचा चीक आणि माती अडकून राहते, मग औषधात बुडवलं तरी आत पोचत नाही. बोथट पातं साल कापत नाही, चेचतं. चेचलेली जखम लवकर भरत नाही आणि रोगाला दार उघडं राहतं. आंब्याचं कलम बांधणाऱ्याला विचारा, गंजक्या चाकूनं काप घेतला तर काय होतं.

बोर्डो मिश्रण करणाऱ्यांनी तर जास्त जपावं. मिश्रण बरोबर झालं का हे बघायला आपण त्यात लोखंडी पातं बुडवतो. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं आहे, अजून चुन्याची निवळी पाहिजे. तो तांबूस थर तांब्याचा असतो, गंज नव्हे. पण पातं गंजकंच असेल तर तांबूस काय नि तांबडं काय, कळणार कसं? चुकीचं मिश्रण फवारलं तर पानं जळतात. परीक्षा झाली की तांबं घासून काढा, धुवा, पुसा. लोखंडावर तांबं राहिलं आणि ओल मिळाली की तिथलं लोखंड जास्त लवकर खराब होतं.

एक गैरसमज पण काढून टाकू. गंजलेलं लागलं की धनुर्वात होतो म्हणतात. धनुर्वात गंजानं होत नाही, तो होतो मातीतल्या आणि शेणातल्या जंतूनं. खोल, बारीक तोंडाच्या जखमेत तो वाढतो. पण आपला चाकू माती आणि शेणातच असतो आणि गंजाच्या खड्ड्यात ती माती टिकून राहते. म्हणून चकचकीत चाकू लागला तरी बिनधास्त राहू नका. जखम साबणाच्या पाण्यानं धुवा आणि दवाखान्यात जाऊन इंजेक्शन कधी घेतलं होतं ते सांगा. हळद भरून घरी बसू नका. मी हळदच पिकवतो, तरी सांगतो.

आता खंडेनवमी. वर्षातून एकदा आपण विळे, खुरपी, कोयते, कुऱ्हाडी, सगळं धुतो, ओळीनं मांडतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूची फुलं ठेवतो, नारळ फोडतो. चांगली गोष्ट आहे, मी पण करतो. पण धुतलेली हत्यारं पुसतो का? ओली तशीच मांडतो, वर ओलं कुंकू, वर ओली फुलं. दुसऱ्या दिवशी दसरा, सोनं वाटायची गडबड, हत्यारं तिथंच. तिसऱ्या दिवशी उचलताना फुलाखाली गोल तांबडा डाग. ज्या दिवशी हत्याराची पूजा, त्याच दिवशी त्याला गंज! हत्याराला फूल नको असतं, कोरडं फडकं पाहिजे असतं. पूजा करा, पण आधी पुसा, तेलाचं बोट लावा आणि मग कुंकू लावा. आणि उरलेले तीनशे चौसष्ट दिवस नुसतं पुसलं तरी देव रागावणार नाही.

मी आता काय करतो ते सांगतो. ह्यात नवीन काही नाही.

रोज संध्याकाळी हातपाय धुवायच्या आधी चाकू खिशातून काढतो, पूर्ण उघडतो. चिखल किंवा खत लागलं असेल तर साध्या पाण्यानं धुतो, मिठाचं खतानं पुसून जात नाही, धुवावंच लागतं. जुन्या सुती धोतराच्या फडक्यानं पातं पुसतो, फडक्याचं टोक पिळून खाचेत घालून फिरवतो. मग तो उघडाच ठेवतो, चुलीपासून हातभर लांब, कोनाड्यात, लेकरांचा हात पोचणार नाही असा. चुलीत किंवा गॅसवर धरत नाही, फार तापलं की पात्याचं पाणी उतरतं आणि मग धार कधीच टिकत नाही. सकाळी मिटून खिशात. सगळं मिळून दोन मिनिटं.

आठ दिवसाला, आमच्या बाजारच्या दिवशी, खिळ्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. पातं दहा वेळा उघडझाप करतो, तेल काळं होऊन बाहेर येतं, ते पुसतो. पात्याला खोबरेलाचं बोट, तेही पुसून, नुसता ओशट हात राहील एवढंच. जास्त तेल म्हणजे जास्त धूळ.

चाकू पँटीच्या खिशात नुसता टाकत नाही. सुती कापडाची छोटी पिशवी शिवून घेतलीय, दोन आहेत, एक भिजली की दुसरी. चामड्याच्या म्यानात फक्त नेण्यापुरता ठेवावा, रात्री नाही. चामडं ओल धरतं आणि ते कमावताना वापरलेले क्षारही त्यात राहतात. खताचं पोतं उसवायला आता वेगळा जुना विळा खताच्या खोलीतच टांगलाय.

तांबडा ठिपका दिसला तर चुलीची चाळलेली राख आणि तेलाचा थेंब घेऊन चिंधीनं घासतो. जुना गंज असेल तर चिंच किंवा लिंबू चोळतो, पण ते आंबट आहे हे विसरायचं नाही. पंधरा मिनिटांत खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन कोरडं करायचं. आंबट तसंच राहिलं तर दुप्पट गंज. खिळा जाम झाला असेल तर रात्रभर डिझेलमध्ये ठेवा, सकाळी हळूहळू हलवा. हातोडी मारू नका. सुटला की साबणानं डिझेल धुवून, वाळवून, तेल घाला.

पावसाळ्यानंतर जी हत्यारं लागत नाहीत ती व्हॅसलिनचा हात फिरवून पत्र्याच्या डब्यात. औषधाच्या, बुटाच्या खोक्यात त्या बारीक खड्यांच्या पुड्या येतात, त्या फेकू नका, डब्यात टाका, ओल ओढतात.

आता शेवटचा आक्षेप, तो नक्की येणार. "शंभर रुपयाचा चाकू बापू, गंजला की नवा घ्यायचा. कशाला एवढा कुटाणा?"

घ्या की नवा. पण चाकू शंभराचा आहे म्हणून त्याचं काम शंभराचं नसतं. बैलाच्या गळ्याला कासरा आवळला, मळणी यंत्रात कुणाचं उपरणं ओढलं गेलं, विहिरीत उतरलेल्या माणसाचा दोर अडकला, त्या वेळी मोंढा उघडा नसतो. ट्रॅक्टर बंद पडला तर मिस्त्री येईपर्यंत थांबता येतं. मोटर जळाली तर दोन दिवस पाणी देऊ नका. चाकूच्या कामाला मात्र दोन मिनिटंसुद्धा नसतात. आणि ती दोन मिनिटं कधी येणार हे कुणी सांगून ठेवत नाही. म्हणून तो रोज उघडला पाहिजे, काम असो नसो.

आपण शेतकरी सगळ्याचा दोष वर टाकायला शिकलोय. पाऊस नाही आला तर पावसाचा दोष, जास्त आला तरी पावसाचा. बऱ्याच बाबतीत ते खरंही आहे, आभाळ आपल्या हातात नाही, भाव आपल्या हातात नाही, पीकविमा तर नाहीच नाही. म्हणूनच जे हातात आहे त्याचा दोष तरी आभाळाला देऊ नका. खिसा आपला, फडकं आपलं, दोन मिनिटं आपली.

ते मोबाइल बाजूला ठेवा. खिशातला चाकू काढा. एका हातानं, नख न मोडता उघडतोय का बघा. उघडला तर राम राम. नाही उघडला तर आज रात्रीच डिझेलमध्ये टाका, उद्यावर ढकलू नका. आमच्या गोठ्यातला तो खुंटा अजून तसाच आहे, त्याला अजून कुणाला बांधलं नाही.